नववा रकाना

बाबाजीचं बोट नवव्या रकान्यावर येऊन थांबलं आणि तिथून पुढे सरकेना.

"मास्तर," त्याने चष्मा कपाळावर चढवला, "हांगा कोंकणी खंय आसा?"

गोकुळदास मास्तर बाकावर ताठ बसले होते. शेजारी त्यांची मुलगी क्षमा, मांडीवर दाखल्यांची पिशवी. म्हापशात कचेरीच्या भिंतीला लागून पत्र्याखाली चार टायपिस्ट बसत. त्यांतला बाबाजी सगळ्यांत जुना, आणि शुक्रवारच्या बाजारामुळे आज त्याच्याकडे नंबर लागेपर्यंत दीड वाजला होता. अर्ज पाच वाजेपर्यंत पणजीत पोचायला हवा होता. पोस्टाने नव्हे, हातोहात. आज शेवटची तारीख होती.

"कुठे म्हणतोस?" मास्तरांनी विचारलं. घराचा उंबरठा ओलांडला की मास्तर मराठीत बोलत, आणि समोर कागद असला तर अंमळ जास्तच शुद्ध.

"येणाऱ्या भाषा म्हूण रकानो आसा न्हय? हांगा तुमी बरयलां मराठी, हिंदी, इंग्लीश. कोंकणी ना."

मास्तर हसले. पोराने भागाकारात शून्य विसरावं तेव्हा हसत तसे.

"अरे बाबाजी, मुलगी मोरजीची. जन्म मोरजीचा, शाळा मोरजीची, पत्ता मोरजीचा. तिला कोंकणी येणार नाही तर काय फारसी येणार? कोंकणी येते म्हणून कोण लिहितो? उद्या म्हणशील, श्वास घेता येतो तेही लिहा."

बाबाजी हसला नाही. त्याने जाहिरातीचं कात्रण उचललं, मास्तरांपुढे धरलं आणि नखाने ओळ दाखवली. कोंकणीचे ज्ञान आवश्यक. मराठीचे असल्यास इष्ट.

"छाननीक बसता तो मनीस तुमचो पत्तो वाचीना, मास्तर. तो हो एकच रकानो पळयता. कोंकणी आसा, ह्या गठ्ठ्यांत. ना, त्या गठ्ठ्यांत. कागदार ना तें ना."

क्षमाने पिशवीवरचे हात एकमेकांत गुंतवले. जूनमध्ये तिला अठ्ठावीस पुरी होत होती, आणि जाहिरातीतली वयाची अटही तेवढीच होती. सहा वर्षं ती गावच्या बालवाडीत हंगामी होती आणि दर वर्षी तिला पुढच्या वर्षी कायम करू असं सांगितलं जाई. कारकुनाची ही एक जागा, आणि हा तिच्या आयुष्यातला शेवटचा सरकारी अर्ज. रहिवासाचा दाखला पेडण्याच्या कचेरीतून काल संध्याकाळी हातात पडला नसता, तर हाही राहिलाच होता.

ती बाबाजीकडे न बघता वडिलांकडे बघत होती.

पेडणे तालुक्यात अर्ज लिहावा तर गोकुळदास मास्तरांनी, असं लोक म्हणत आणि ते खरंच होतं. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या ओसरीवर शाळाच भरे. फक्त मुलं दाढीमिशांची. मास्तर त्यांना समोर बसवून खोदून खोदून विचारत आणि मगच लेखणी उचलत. अर्जात दया मागायची नाही, काम मागायचं. एक अक्षर खोटं लिहायचं नाही. आणि त्यांचा लाडका नियम म्हणजे, जे उघड आहे ते लिहून साहेबाचा वेळ खायचा नाही. ते अर्ज हातानेच लिहिलेले असत आणि पोस्टाने जात. या जाहिरातीत टंकलिखित तीन प्रती मागितल्या होत्या, म्हणून मास्तरांचा मसुदा पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जात होता.

"लिहून टाका हो," क्षमा बाबाजीला म्हणाली. "कोंकणी पयली घाला."

"थांब." मास्तरांनी कागदावर हात ठेवला.

"बाबा, अडेच वाजतले आता."

"वाजू देत. मी माझ्या हाताने मराठीच्या वर कोंकणी लिहिणार नाही. बोली आहे ती आपली. भाषा वेगळी आणि बोली वेगळी. हे मी भर सभेत बोललोय, पणजीच्या रस्त्यावर उन्हात चालत बोललोय."

चालले होते, हे खरं. राज्य व्हायच्या आधीच्या त्या वर्षी मास्तर मराठीच्या प्रत्येक मोर्चाला गेले होते, पायाला फोड येईपर्यंत. मग कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, राज्य झालं, आणि मास्तर ओसरीवर येऊन बसले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मनातून गेला मात्र नव्हता.

"तू बरय नाका," क्षमा हळू म्हणाली. "बाबाजी टायप करतले. सही म्हजी."

"आणि सहीच्या वर काय छापलंय ते वाच. वरील सर्व माहिती खरी आहे. वाचता, लिहिता, बोलता, अशा तीन खुणा करायच्यात. बोलतेस, कबूल. आयुष्यात कोंकणीत एक ओळ तरी लिहिली आहेस?"

क्षमा आठवू लागली. मावशीला पत्र मराठीत, देवळातली भजनं मराठीत, जत्रेचं नाटक मराठीत, वहीत उतरून घेतलेली काजूच्या गराची भाजीसुद्धा मराठीत. कोंकणीत फक्त बोलायचं, रडायचं आणि भांडायचं. तिने खरंच एक ओळ लिहिली नव्हती.

बाबाजीने मशीनवरून हात काढून घेतले. "बाप-लेकीचें जालें म्हण्टकच सांगात," तो म्हणाला आणि मागच्या माणसाचे कागद ओढले. "मराठीचें आनी कोंकणीचें झगडें, आनी अर्ज पळयल्यार इंग्लिशींत!"

रांगेतली दोन-तीन माणसं हसली. मास्तरांचे कान तांबडे झाले.

"बाबा." क्षमाचा आवाज आता हळू राहिला नव्हता. "खरें सांग. तू विसरलो, काय मुद्दाम सोडली?"

मास्तरांनी तोंड फिरवलं. रस्त्यापलीकडे बाजार चालला होता. मिरच्यांच्या राशी, कांद्याच्या माळा, पाटीतल्या पिकलेल्या काजूंचा आंबूस वास. ते तिकडे बघत राहिले. एवढी साधी गोष्ट विचारली होती. क्षमाला संताप आला, आणि संतापाच्या तळाशी भीती होती. तिने दाखल्यांच्या पिशवीतून कार्बन पेपरचं कोरं वेष्टण काढलं, बाबाजीच्या टेबलावरची पेन्सिल उचलली.

"बरयतां. आत्ता बरयतां. मागीर खोटें कशें जातलें? बाबाजी, सांगा कितेंय."

बाबाजीला गंमत वाटली असावी. दुसऱ्याचा कागद मशीनमध्ये सरकवता सरकवता तो म्हणाला, "बरय. म्हाका कोंकणी बरोवंक येता."

क्षमाने लिहायला सुरुवात केली. 'म्हाका' लिहिताना हात अडखळला. घरी तर ती 'माका' म्हणायची. 'कोंकणी' झालं. पुढच्या शब्दापाशी पेन्सिल थांबली. हा शब्द तिने हजारदा कानाने ऐकला होता, डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. तिने लिहिलं: बरवूक.

"वंक," मास्तर म्हणाले.

क्षमाने वर पाहिलं. मास्तर अजून बाजाराकडेच बघत होते, पण पाठीला डोळे असावेत तसे बोलले.

"बरोवंक. र-ला ओकार, व-वर अनुस्वार."

मशीनचा आवाज पुन्हा थांबला. "मास्तर," बाबाजी म्हणाला, "तुमकां कशें खबर?"

"विरोध करायचा तर आधी वाचायला नको?" मास्तर पुटपुटले. मग एकदम क्षमाकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, वर्गातला भाव आला होता, ज्याला मोरजीची दोन पिढ्यांची पोरं टरकून होती. "खोड. नीट लिही. पुढचं वाक्य घे."

"बाबा, वेळ..."

"खूण करायची आहे ना? मग येऊ दे. घे. हांव मोरजें रावतां."

आणि त्या पत्र्याखाली, एप्रिलच्या उकाड्यात, अडीच वाजता, कोंकणीला भाषा न मानणाऱ्या माणसाने आपल्या लेकीला कोंकणीचं श्रुतलेखन घातलं. रांगेतला एक जण म्हणाला, "मास्तरांनी शाळा हांगाच भरयली मरे!" मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. क्षमाच्या कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडत होता. पाच वाक्यं. तिसऱ्यात एक चूक, चौथ्यात दोन. पाचवं तिने एकटाकी लिहिलं. मास्तरांनी कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला, आणि सवयीने कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

"आता लिही म्हणावं," ते बाबाजीकडे न बघता म्हणाले. "तिन्ही खुणा कर. खरं आहे आता."

बाबाजीने हातातला कागद काढून ठेवला आणि क्षमाच्या अर्जाच्या तीन प्रती कार्बनसकट मशीनमध्ये चढवल्या. त्याची बोटं भरभर चालू लागली. पहिला रकाना. दुसरा. क्षमा प्रत्येक ओळीच्या शेवटी वाजणारी घंटा मोजत होती.

सातव्या रकान्यापाशी मास्तर उठून बाबाजीच्या खुर्चीजवळ गेले.

"केन्ना पसून?" त्यांनी विचारलं. कोंकणीत.

"कितें?"

"हो... दोन गठ्ठ्यांचो नेम."

"वर्स-देड वर्स जालें. जाहिरातींनी 'आवश्यक' येवंक लागलें तेन्ना पसून. कित्याक?"

मास्तर बाकावर परत येऊन बसले. त्यांचा डावा अंगठा एकेका बोटाच्या पेरावर टेकत होता आणि ओठ हलत होते. क्षमाला आधी वाटलं, ते वेळ मोजताहेत. मग तिला ओठांवरचं एक नाव कळलं. रूपाली. पुढचं निखिल. मग परेश. मग सिद्धेश, आणि सिद्धेशच्या नावाला अंगठा दोन पेरांवर टेकला. त्याने दोनदा अर्ज केला होता.

त्या सगळ्यांच्या अर्जांचे लिफाफे क्षमानेच पोस्टाच्या पेटीत टाकले होते. एकालाही बोलावणं आलं नव्हतं. मुलं ओसरीवर येऊन बसत आणि मास्तर त्यांना चहा देऊन समजावत. "वशिला लागतो रे बाबांनो. नोकऱ्या आधीच वाटून झालेल्या असतात, जाहिरात नुसती दाखवायला." मुलं मान हलवत. त्यांनाही ते पटे. वशिल्याएवढं सोयीचं कारण दुसरं कुठलं?

आज सकाळीसुद्धा सिद्धेश हेच बोलला होता. मोरजीची बस चुकली, तेव्हा तो आपली पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन आला. बी. कॉम. झालेला सिद्धेश आता पायलट होता. भाड्याने माणसं मागे बसवून पोचवायचा. त्याने आधी मास्तरांना चोपड्याच्या फेरीच्या धक्क्यावर सोडलं, परत येऊन क्षमाला नेलं, आणि दोन खेपांचा एक पैसा घेतला नाही. "मास्तर, तुमी म्हज्या खातीर कितलें केलां," तो म्हणाला होता. "वशिलो नासलो, ताका तुमी कितें करतले? हिचें तरी जांव."

"जालें," बाबाजी म्हणाला. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

क्षमाने तिन्ही प्रतींवर सही केली. तिसऱ्या सहीचं शेवटचं अक्षर घाईत लांबलं. मास्तरांनी ते पाहिलं, पण एरवी बोलले असते ते बोलले नाहीत.

बेतीची बस स्टँडवर उभी होती आणि उभीच राहिली. बाजाराचा दिवस; कंडक्टरला अजून दहा माणसं हवी होती. टपावर टोपल्या चढत होत्या. क्षमा दारात उभी राहून दर मिनिटाला कंडक्टरच्या मनगटाकडे बघत होती. "सोड रे बाबा, पणजे पांचांक पावपाचें आसा," ती एकदा म्हणाली, दुसऱ्यांदा ओरडून म्हणाली. तिसऱ्यांदा एका कोळणीने आपली पाटी बाजूला घेत कंडक्टरला अशी शिवी हासडली की बस सुटली. मास्तर खिडकीशी बसले होते. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती आणि अंगठा अजून पेरांवर होता.

मांडवीचा पूल पडून तीन वर्षं व्हायला आली होती. तेव्हापासून बेतीला उतरायचं आणि फेरीने पलीकडे जायचं. दोघं उतरली तेव्हा एक फेरी नुकतीच सुटली होती. तिचं चढाउतरायचं फळकुट वर ओढलं जात होतं आणि मधे हातभर पाणी दिसत होतं. क्षमा धक्क्याच्या टोकापर्यंत धावली आणि थांबली. पलीकडे पणजी एवढी जवळ दिसत होती की कचेऱ्यांच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. पुढची फेरी पलीकडून यायची, रिकामी व्हायची, भरायची. चार वाजून चोवीस मिनिटं.

पलीकडे पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली.

पलीकडे फळकुट पुरतं टेकायच्या आधीच तिने उडी मारली. मास्तर मागे पडले. "तू धांव," ते मागून ओरडले, "हांव येतां!" चप्पल तुटली तेव्हा तिने ती हातात घेतली आणि तशीच पळत सुटली. कचेरीचा जिना, पहिला मजला, लांब व्हरांडा, टोकाला जाळीची खिडकी. खिडकीतला माणूस दप्तर आवरत होता. भिंतीवरच्या घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती.

"अर्ज," ती म्हणाली. तिने लिफाफा जाळीखालून आत सरकवला.

त्याने लिफाफा घेतला, फोडला, प्रती मोजल्या. मग पहिल्या प्रतीवरून त्याचं बोट सरसर खाली आलं. नाव वाचलं नाही. पत्ता वाचला नाही. मास्तरांनी आठ दिवस घासूनपुसून लिहिलेला शिक्षणाचा आणि अनुभवाचा मजकूर त्याने बघितलाही नाही. बोट नवव्या रकान्यावर थांबलं, हलकेच टेकलं, आणि अर्ज उजव्या हाताच्या गठ्ठ्यावर गेला. त्याच्या डाव्या हाताला दुसरा गठ्ठा होता. तो उजव्यापेक्षा थोडासाच लहान होता.

"वच," तो म्हणाला. "पावलो."

क्षमा वळली. मास्तर तिच्या मागे येऊन उभे होते, धापा टाकत, एक हात भिंतीवर टेकवून. ते तिच्याकडे बघत नव्हते. जाळीतून त्यांना डावा गठ्ठा दिसत होता. सगळ्यांत वरचा अर्ज हाताने लिहिलेला होता. कुणाचा कोण जाणे, पण अक्षर सुंदर होतं.

"पावलो, बाबा," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरें जालें," ते म्हणाले. पण नजर जाळीतून निघाली नाही, आणि खिडकी बंद झाली तेव्हाच ते हलले.

परतीला घाई नव्हती. मास्तरांनी तिला चप्पल सांधून दिली, खिडकीशी जागा दिली. दोघं शिवोलीच्या धक्क्यावर पोचली तेव्हा सूर्य बुडाला होता, पण उजेड होता. फेरीवर सिद्धेश होता. दिवसभराची भाडी संपवून घरी निघालेला, मोटरसायकलच्या सीटवर आडवा टेकून शेंगदाणे खात. त्यांना बघून तो उठून उभा राहिला.

"पावलो?"

"पावलो," क्षमा म्हणाली. "सात मिन्टां उरलेलीं."

"मागीर पेढे जाय!" त्याने मूठभर शेंगदाणे तिच्या हातावर ओतले आणि मास्तरांपुढे पुडी धरली. मास्तरांनी घेतले नाहीत. फेरी सुटली. इंजिनाची घरघर पायांतून वर येत होती.

"सिद्धेश," मास्तर म्हणाले, "तुका वर्सां कितलीं जालीं रे?"

"म्हाका? कित्याक, लग्नाक चली पळयतात?" तो हसला. "अठ्ठावीस सरलीं, मास्तर. शिमग्याक."

मास्तरांनी फेरीचा कठडा धरला. महिनासुद्धा झाला नव्हता.

क्षमाला कळलं, ते आता सांगणार. तिला वाटलं, नको. काय उपयोग? ह्याचं नोकरीचं वय टळलं, आणि कुणाला कधी कळणारही नाही. तिने वडिलांच्या सदऱ्याची बाही धरली. मास्तरांनी ती हळूच सोडवली.

"तुजे दोनूय अर्ज," ते म्हणाले, "वशिल्या खातीर उरूंक नात. नवव्या रकान्यांत हांवें कोंकणी बरोवंक नासली. म्हूण तांणीं ते कुशीक काडले. तुजे, रूपालीचो, परेशाचो. सगळ्यांचे. हांवें आज दोळ्यांनी पळयलें."

सिद्धेश शेंगदाणा सोलता सोलता थांबला. क्षणभर त्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग खो खो हसला. फेरीवरच्या दोन-चार माणसांनी वळून पाहिलं.

"कितें मास्तर तुमी! कोंकणी येता म्हूण कोण बरयता?"

दुपारी पत्र्याखाली मास्तर बोलले होते तेच, तेवढ्याच भरवशाने. पोराने त्यांच्यासाठी दार सताड उघडून ठेवलं होतं. आत शिरायला फक्त हसायचं होतं, "तेंच न्हय!" म्हणायचं होतं, आणि चोपड्याचा धक्का आला असता.

मास्तर हसले नाहीत.

"कोण बरयना," ते म्हणाले. "खरें. पूण जाहिरात हांवें वाचिल्ली. 'आवश्यक' म्हूण बरयलेलें वाचिल्लें, आनी म्हज्या तकलेंत तिडक गेल्ली." त्यांनी कठड्यावरचा हात काढला. "हांव विसरूंक नासलों, सिद्धेश. हांवें ती सोडली."

इंजिन बंद झालं. फेरी आपल्या वेगाने उरलेलं पाणी कापत गेली. सिद्धेशने हातातली पुडी बघितली, तिचं तोंड मुडपलं, एक घडी, दुसरी घडी, आणि ती खिशात ठेवली. फळकुट दगडावर आपटलं. माणसं उतरू लागली. त्याने मोटरसायकल स्टँडवरून काढली आणि ढकलत धक्क्यावर नेली.

मास्तर आणि क्षमा मागून उतरली. मोरजीची शेवटची बस गेलेली होती. चढावाच्या तोंडाशी सिद्धेश त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्याने किक मारली. गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्या वेळी झाली. तो गाडीवर बसला, पण निघाला नाही. सकाळसारखंच आधी मास्तरांना न्यायचं होतं, मग क्षमाला.

लहानपणापासून तो मास्तरांशी कोंकणीत बोलत आला होता. मराठीत बोलायचा तो फक्त वर्गात, उभं केल्यावर.

"बसा, मास्तर," तो समोर बघत म्हणाला, एकेक शब्द सुटा करून. "उशीर झाला आहे."